‘रिलीव्हर आला नाही’ : स्क्रॅपबुकमधल्या कवितेसाठी नवे शब्द कुठून आणायचे?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना मध्ये मध्ये आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

तुमच्यातले निम्मे जण हे लोकलमध्ये ऐकताय, मला माहितीये. म्हणून आधीच सांगते, आजच्या भागाला कात्री आणि गोंद लागणार आहे, पण तो घरी गेल्यावर. आत्ता फक्त कान द्या.

आजचा विषय तुम्हीच बऱ्याच दिवसांपासून मागत होतात. आर्ट जर्नलचं पान छान जमतं. वॉशी टेप लागते, सुकलेलं पान चिकटतं, वॉटरकलरचा हात फिरतो. आणि मग मधोमध एक रिकामी जागा उरते, चार ओळी लिहायला. तिथे पेन अडतं. किंवा अडत नाही, पण जे उमटतं ते आधी दहा वेळा कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. तर या चार ओळींसाठी ताजे शब्द आणायचे कुठून?

मी आधी माझी फजिती सांगते. मग पद्धत.

फजिती

आम्ही बोईसरचे. बाबा तारापूर एमआयडीसीत रंगाच्या एका कंपनीत ऑपरेटर होते, एकतीस वर्षं. रंग म्हणजे भिंतीला देतात तो नाही, कापडाला चढवतात तो, आणि त्या रंगासाठी लागणारी केमिकल्स. आमच्या घरात पांढरा टॉवेल कधी पांढरा राहिला नाही, एवढं सांगितलं की बोईसरकरांना कळेल.

बाबा रिटायर झाले तेव्हा मी त्यांच्यासाठी स्क्रॅपबुक केलं. महिनाभर खपले. जुने फोटो, कंपनीच्या पिकनिकचा ग्रुप फोटो, शटलचा पास, एक डाग पडलेला गेटपास. आणि शेवटच्या पानावर माझी कविता. सोनेरी जेल पेनने. तिच्यात कष्टांचा डोंगर होता, मायेची सावली होती, स्वप्नांचे पंख होते आणि आयुष्याची संध्याकाळही होती.

बाबांनी वही हातात घेतली. कवितेच्या पानावर ‘छान केलंस गं’ म्हणाले आणि पान उलटलं. मग मागे आले आणि त्या डागाळलेल्या गेटपासवर बोट ठेवून बराच वेळ बसले.

रात्री ओट्याशी आई म्हणाली, “कविता छान आहे गं. पण ही कुणाच्याही बाबांना चालेल.”

मला राग आला. मग दोन दिवसांनी वाटलं, बरोबर आहे. डोंगर, सावली, पंख यांतला एकही शब्द बाबांच्या अंगावरून गेलेला नव्हता. ते सगळे ग्रीटिंग कार्डाच्या दुकानातून आले होते.

इथे आजची पहिली कसोटी लिहून घ्या. लिहून झालं की आईचा प्रश्न विचारायचा: हे कुणाच्याही बाबांना चालेल का? कुणाच्याही आजीला, कुणाच्याही गावाला? चालत असेल, तर शब्द अजून सापडलेला नाही.

माळ्यावरच्या डायऱ्या

मग मी माळा काढला. तिथे एका पत्र्याच्या डब्यात बाबांच्या खिशातल्या छोट्या डायऱ्या होत्या, कंपनीकडून नवीन वर्षाला मिळतात तशा. बाबा लिहिणारे नाहीत. रोजची एक ओळ, तीही तुटक. शिफ्ट लिहिलेली: फ., से., ना. म्हणजे फर्स्ट, सेकंड, नाईट. पगार जमा. गॅस आणला. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी एक ओळ पुन्हा पुन्हा: ‘रि. आला नाही.’

रि. म्हणजे रिलीव्हर. ज्यांच्या घरी शिफ्टवाली माणसं आहेत त्यांना हा शब्द माहीत असेल. बाकीच्यांसाठी सांगते. रिअॅक्टर चालू असताना तो असाच सोडून घरी जाता येत नाही. तापमान, प्रेशर बघायला कुणीतरी उभं असावंच लागतं. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन चार्ज घेतो, तो तुमचा रिलीव्हर. तो आला नाही, तर तुम्हीच पुढचे आठ तास. म्हणजे सलग सोळा.

एका पानावर लिहिलं होतं: ‘पोरीचं गॅदरिंग. रि. आला नाही.’

मी तेव्हा चौथीत होते. कोळणीच्या वेशात नाचले होते. आई आली होती, बाबा आले नव्हते. इतकी वर्षं माझ्या डोक्यात होतं की ते विसरले.

मी ती सगळी वही बाजूला ठेवली आणि एकच नवं पान केलं. माझा एकही शब्द न घालता, डायऱ्यांतल्या ओळी नुसत्या निवडल्या आणि एकाखाली एक लिहिल्या:

रिलीव्हर आला नाही.
पगार जमा.
रिलीव्हर आला नाही.
पोरीचा दात पडला.
रिलीव्हर आला नाही.
छत्री कंपनीत राहिली.
पोरीचं गॅदरिंग.
रिलीव्हर आला नाही.

हे पान बाबांनी वाचलं आणि बोलायलाच लागले. छत्री कशी राहिली, त्या दिवशी पाऊस किती होता, रिलीव्हर का येत नसे, त्याचं घर कुठे होतं, त्याची बायको आजारी होती. ज्या माणसावर मी गेले काही तास मनातून चिडले होते, त्याला बाबा कधीच चिडले नव्हते. तासभर बोलले. एकतीस वर्षांत कंपनीबद्दल ते माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते.

आता बघा, ‘रिलीव्हर’ हा काही दुर्मीळ शब्द नाही. शुद्ध मराठीही नाही. एमआयडीसीत तो दिवसाला हजारदा उच्चारला जातो. तरी माझ्या पानावर तो कोरा करकरीत होता, कारण तो कवितेत कुणी आणून बसवला नव्हता. आज मला सांगायचंय ते एवढंच. ताजा शब्द म्हणजे अवघड शब्द नाही. तुमच्या शेजारचा माणूस जो रोज वापरतो आणि तुम्ही जो कधी लिहिला नाही, तो ताजा शब्द.

हे काही आपण पहिल्यांदा करत नाही

कुणी म्हणेल, कवितेत असले शब्द शोभतात का? मंडळी, मराठी कविता दर वेळी अशाच शब्दांनी ताजी झालीये. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करताना त्या रचायच्या, आणि त्यांच्या ओळींत खानदेशातल्या शेताचे, घराचे शब्द तसेच्या तसे आले. त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. मर्ढेकरांनी १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये यंत्रांचे आणि शहराचे शब्द आणले, तेव्हा लोक दचकले होते. नारायण सुर्वेंच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’मध्ये, १९६२ साली, कामगारांची बोली आली. आणि १९७२ च्या ‘गोलपिठा’त नामदेव ढसाळांनी मुंबईच्या अशा वस्तीचे शब्द आणले, की प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांसारख्या लेखकालाही ते जग नवखं होतं.

कापून चिकटवण्याचा भागही जुनाच आहे. १९२० मध्ये त्रिस्तान झारा या कवीने कृतीच सांगितली होती: पेपरातले शब्द कापा, पिशवीत हलवा, एकेक काढून मांडा. टॉम फिलिप्स नावाच्या ब्रिटिश चित्रकाराने १९६६ मध्ये लंडनमधल्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक विसरलेली कादंबरी ३ पेन्सला घेतली आणि तिच्या प्रत्येक पानावर चित्र काढून, मोजकेच शब्द उघडे ठेवून नवं पुस्तक केलं. ‘अ ह्यूमुमेंट’. पन्नास वर्षं तो तेच पुस्तक पुन्हा पुन्हा करत राहिला. इन्स्टावर दिसणारी ब्लॅकआउट पोएट्री ही त्याच घरातली.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या जिल्ह्यातच बघा. वारली घरात लग्नाचा चौक भिंतीवर उमटतो, तांदळाच्या पिठाने. सवाशिणी तो करतात, धवलेरी गाणी म्हणते. त्याला ‘चौक काढणं’ म्हणत नाहीत, ‘चौक लिहिणं’ म्हणतात. चित्र आणि अक्षर यांना एकच क्रियापद! आर्ट जर्नल करणाऱ्यांनी हे पहिल्या पानावर लिहून ठेवावं. फक्त एक विनंती. तो चौक ज्यांचा आहे त्यांचा आहे. वॉशी टेपसारखा पानाच्या कडेला चिकटवायला तो नाही. शिकायचं असेल तर गंजाडला, डहाणूला जाऊन वारली कलाकारांकडून शिका आणि नाव सांगून वापरा.

चार कप्पे

आता पद्धत. वहीच्या शेवटची आठ पानं शब्दांसाठी राखून ठेवा. चार कप्पे करा, प्रत्येकाला दोन पानं.

पहिला कप्पा, कामाचा. घरातल्या किंवा ओळखीच्या एका माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारा. ‘तुम्हाला कामाबद्दल काय वाटतं?’ असं विचारू नका, ‘बरं वाटतं’ असं उत्तर येईल आणि विषय संपेल. विचारायचं: ‘याला काय म्हणतात?’ हा रॉड काय, ही पिशवी काय, ते बिघडलं की काय म्हणता, लवकर सुटी झाली की काय म्हणता? नावं मागा, भावना आपोआप मागून येते.

दुसरा कप्पा, बाजाराचा आणि पाण्याचा. आमच्याकडे येणाऱ्या मासळीवाल्या मावशी एकदा म्हणाल्या, “आज काय मिळायचं बाय, भांगाचं पाणी हाय.” मला वाटलं काहीतरी वेगळंच! विचारलं तेव्हा कळलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येते ती उधाणाची. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ती भांगाची. आपल्या किनाऱ्यावर डोल जाळी लावतात, ती पाण्याच्या ओढीवर चालतात. ओढ नाही तर मासळी नाही. म्हणजे भांग हा शब्द केसांत आहे, शिवरात्रीच्या पेल्यात आहे आणि समुद्रातही आहे. मी समुद्रावर आठ कविता लिहिल्या होत्या, सगळ्यांत ‘अथांग सागर’. चिंचणीच्या किनाऱ्यावर लहानपणापासून जातेय आणि भांग माहीत नाही!

तिसरा कप्पा, भिंतीचा आणि कागदाचा. किचनमधलं कॅलेंडर काढा. आईने चौकटीत लिहिलेलं असतं: ‘दूध नाही’, ‘गॅस लावला’, ‘बाई सुटी’. १९७३ पासून घराघरात कालनिर्णय लागतंय, म्हणजे किती आयांनी किती वर्षं लिहिलेली ही डायरी, आणि दर ३१ डिसेंबरला आपण ती रद्दीत घालतो. यंदा घालू नका. तसेच औषधाच्या चिठ्ठ्या, दुकानाच्या पाट्या, जुन्या लग्नपत्रिका. माझ्या आत्याच्या पत्रिकेवर आहे, ‘बोईसर, ता. पालघर, जि. ठाणे’. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. आता हे एवढंच लिहा: ‘घर तेच राहिलं, जिल्हा निघून गेला.’ झाली की एक ओळ!

चौथा कप्पा, नावांचा. विरारच्या पुढे डोळे मिटून बसा आणि नुसतं ऐका: वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, तरी आमचे बाबा अजून ‘शटलने जातो’च म्हणतात. शटल हा शब्द त्यांच्याबरोबरच जाणार, म्हणून तो माझ्या वहीत आहे. आणि आमची गंमत माहितीये ना? एमआयडीसीचं नाव तारापूर, पण स्टेशन बोईसर. मुंबईत कुणी विचारलं ‘कुठे राहता?’ तर बोईसर म्हटल्यावर समोरचा गप्प. तारापूर म्हटलं की लगेच, ‘ते अणुऊर्जावालं?’ हो, तेच, देशातलं पहिलं, १९६९ पासूनचं. गावाची ओळख दुसऱ्याच्या नावावर चालते, यातसुद्धा कविता आहे.

शब्द मिळाले, आता करायचं काय?

तीन खेळ सांगते. रोज एक.

पहिला खेळ, गाळणी. एका कागदावर बंदीचे दहा शब्द लिहा. माझे सांगते: सागर, क्षितिज, स्वप्न, पंख, मोरपीस, आठवणींचा हिंदोळा, मन, क्षण, ओंजळ, संध्याकाळ. हे शब्द वाईट नाहीत, दमलेत बिचारे. महिनाभर त्यांना सुटी द्या. तुमची यादी तुम्ही करा, शेवटच्या पाच पोस्ट उघडल्या की ती आयती मिळेल.

दुसरा खेळ, कप्पा बदला. पाण्याचा शब्द उचलून घरात ठेवा, कंपनीचा शब्द उचलून नात्यात ठेवा. मी लिहिलं: ‘आज आईच्या बोलण्याला भांगाचं पाणी आहे.’ आईचा राग असा मी कधी सांगितला नसता. ती ओरडत नाही, नुसती ओढ कमी होते. मैत्रिणीला लिहिलं: ‘तू गेल्यापासून माझा रिलीव्हर आला नाही.’ एका वाक्यात एकच शब्द हलवायचा, बाकी सगळं साधं ठेवायचं. तीन-तीन शब्द हलवलेत की कोडं होतं.

तिसरा खेळ, झाकणं. जुनं वर्तमानपत्र, नोटीस, परीक्षेचं पत्रक, काहीही घ्या. आधी वाचू नका. पेन्सिलने चार-पाच नामं आणि दोन क्रियापदं गोल करा. मग वाचा, त्यांच्यात काही नातं दिसतं का बघा. दिसलं की बाकीचं रंगाने झाका. मराठीत एक अडचण येते, आधीच सांगून ठेवते. आपली विभक्ती शब्दाला चिकटलेली असते. ‘घरात’ गोल केलंत आणि तुम्हाला ‘घर’ हवंय, तर ‘रात’ झाकता येत नाही असं नाही, पण मग ‘घ’ उरतो! म्हणून मराठीत आधी क्रियापद शोधा, वाक्य त्याच्या मागे लावा. आणि कधी कधी अपघातच कामी येतो. ‘घरात’मधला ‘घ’ झाकून मला एकदा ‘रात’ मिळाली होती.

शब्दकोश वापरायचा का? वापरा, पण शेवटी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, फोनवर फुकट बघता येतो. पण आधी माणसाकडून शब्द आणा, मग कोशात त्याचे भाऊबंद शोधा. उलटं केलंत तर कविता प्रदर्शनातल्या भांड्यांसारखी होते, चकचकीत आणि न वापरलेली.

कागदाची काळजी

हे पटकन सांगते, कारण यावर एक आख्खा भाग होऊन गेलाय. एटीएमच्या आणि मशीनच्या पावत्या थर्मल कागदाच्या असतात, वर्ष-दोन वर्षांत अक्षरं उडतात. त्यांची झेरॉक्स चिकटवा, मूळ पावती नको. वर्तमानपत्र पिवळं पडणारच, त्यालाही झेरॉक्स. पातळ फेविकॉलने पान सुरकुततं, ग्लू स्टिक बरी. आणि आपल्याकडच्या पावसात वहीला बुरशी धरते, तेव्हा चपलांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकू नका, वहीच्या डब्यात ठेवा. डायरीसारखी मूळ वस्तू कापायची असेल तर आधी ज्याची आहे त्याला विचारा. मी बाबांची एकही डायरी कापली नाही. फोटो काढले, प्रिंट घेतली, ती कापली.

विचारण्याचं अजून एक कारण आहे. दुसऱ्याचे शब्द पानावर आणतो तेव्हा त्याचं आयुष्यही थोडं बाहेर येतं. बाबांना विचारलं, “हे या भागात सांगू का?” म्हणाले, “सांग. पण त्या रिलीव्हरचं नाव घेऊ नको. तो चांगला माणूस होता.”

म्हणून नाव घेतलं नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक माणूस निवडा. त्याच्या कामातले किंवा बोलण्यातले पाच शब्द आणा, जे तुम्ही आजवर कधीच लिहिले नाहीत. अर्थ त्याच्याच तोंडून ऐका. त्यातला एक शब्द पानाच्या मधोमध ठेवा आणि त्याच्याभोवती चारच ओळी. मग ते पान त्याच माणसाला दाखवा. ‘छान आहे’ म्हणून पान उलटलं, तर पुन्हा बसा. त्याने मध्येच थांबवून ‘अगं तसं नव्हतं ते, ऐक…’ असं सुरू केलं, तर पेन खाली ठेवा आणि ऐका.

चला, बोईसर आलं असेल तर उतरा. पुढच्या भागात भेटू, तोवर कॅलेंडर रद्दीत घालू नका!